सेंद्रिय बाजारात जाताय? या चुका टाळा

पिवळाधमक गूळ मागणे. सेंद्रिय बाजारातसुद्धा कोल्हापूरकराची नजर आधी लख्ख रंगाकडे जाते. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस उकळताना त्यातली मळी (घाण) वर आणायला भेंडीच्या खोडाचा चीक घालतात. अशा गुळाचा रंग बहुधा तांबूस-तपकिरी येतो. हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट टाकले की तो उजळतो. आपण रंगाला पैसे मोजतो, म्हणून गुऱ्हाळावर ती पावडर येते. मात्र उसाची जात आणि जमीन यांवरही रंग ठरतो, त्यामुळे नुसत्या नजरेने निकाल देऊ नका. ‘मळी कशानं काढली?’ एवढे विचारा. स्वतः गुऱ्हाळ करणारा माणूस हे हौसेने सांगतो. आणि पावसाळ्यात गूळ पाझरला म्हणून भेसळीचा संशय नको. हवेतली ओल ओढणे हा त्याचा स्वभावच आहे. लहान ढेप घ्या, हवाबंद डब्यात ठेवा.

पहिल्याच वर्षी ‘१०० टक्के सेंद्रिय’ची पाटी. ही चूक विकणाऱ्यांची. युरिया बंद केला की रान लगेच सेंद्रिय होत नाही, रूपांतराला काही वर्षे जातात. पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेते तपासून द्यायच्या प्रमाणपत्रात म्हणूनच दोन पायऱ्या आहेत: रूपांतर चालू असताना ‘ग्रीन’, ते पूर्ण झाल्यावर ‘ऑरगॅनिक’. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह त्याला लावता येत नाही. पाटीवर सरळ ‘रूपांतर सुरू, दुसरे वर्ष’ लिहा. खरे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि ग्राहकांनीही अशा शेतकऱ्याला डावलू नये. उत्पन्न घटण्याची भीती असते ती याच वर्षांत, तेव्हाच त्याला आपली खरी गरज असते.

बांधाकडे दुर्लक्ष. आपल्याकडे चहूबाजूंनी ऊस. शेजारच्या फडात तणनाशक मारले की वाऱ्याने फवारा येतो, पाटाच्या पाण्यातून खतही येते. बांधालगतच्या सरी मोकळ्या सोडा किंवा तिथले पीक वेगळे काढून वेगळे विका. शेजाऱ्याला फवारणीचा दिवस आधी कळवायला सांगा. वाहून जाणारे हे खत शेवटी ओढ्यातून पंचगंगेलाच मिळते, तेव्हा हा प्रश्न एकट्याच्या रानाचा नाही.

‘सेंद्रिय आहे, धुवायला कशाला?’ पालेभाजीला कच्चे शेण लागलेले असू शकते. वाहत्या पाण्यात नीट धुवा. शेतकऱ्यांनीही पूर्ण कुजलेलेच शेणखत घालावे.

एका मेथीच्या पेंडीसाठी चारचाकी काढणे. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एकाने जावे, कापडी पिशव्या घेऊन. आदल्या दिवशी भाजी विकणाऱ्या मावशींना फोन करून काय हवे ते सांगितले, तर त्या तेवढेच काढतात. नाहीतर दुपारपर्यंत सुकलेली पालेभाजी त्यांना मिळेल त्या भावात द्यावी लागते. आणि उरलेल्या दोन पेंड्यांवर तरी घासाघीस करू नका.