दुहेरी काचेच्या खिडक्या-दारांची दुरुस्ती : कुलूप बदलण्याआधी पल्ला पाहा

दुहेरी काचेच्या यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या) दाराची किल्ली फिरेनाशी झाली किंवा खिडकीचे हँडल अर्ध्यावर अडू लागले, की आपण पहिला दोष कुलपाला देतो, आणि बहुतेक वेळा तो दोष कुलपाचा नसतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या ठाण्याच्या घरी बाल्कनीच्या दाराचे हँडल दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय वर जाईना. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने दार न उघडताच पूर्ण लॉक बदलावे लागेल असे सांगितले. तो गेल्यावर दार सताड उघडे ठेवून तेच हँडल फिरवून पाहिले, तर ते एका बोटाने फिरले. मग चौकट निरखली. लॉकचे हूक ज्या खाचेत शिरतात त्या खाचेच्या खालच्या कडेवर धातू घासून उमटलेली एक चकचकीत रेघ होती. पल्ला हँडलच्या बाजूने जेमतेम तीन मिलिमीटर खाली उतरला होता. एका ॲलन कीने (षटकोनी दांड्याच्या, एल आकाराच्या किल्लीने) बिजागऱ्या सावरल्या आणि दार पूर्ववत झाले.

म्हणून कोणतीही दुरुस्ती या एका तपासणीपासून सुरू करावी. पल्ला उघडा ठेवून हँडल आणि किल्ली दोन्ही फिरवून पाहावीत. उघड्या पल्ल्यावर ती सहज फिरत असतील आणि पल्ला लावल्यावरच अडत असतील, तर यंत्रणा चांगली आहे आणि पल्ला जागेवरून हलला आहे. उघड्या पल्ल्यावरही ती जड जात असतील, करकरत असतील किंवा नुसतीच गोल फिरत असतील, तर दोष हँडल, सिलिंडर (किल्ली घालतो तो भाग) किंवा आतल्या गिअरबॉक्समध्ये (हँडल फिरवले की हूक हलवणाऱ्या यंत्रणेत) आहे. पल्ला उतरलेला असताना महिनोन्‌महिने जोर लावून दार लावत राहिले, तर पहिल्या प्रकारच्या बिघाडातून दुसऱ्या प्रकारचा बिघाड ओढवतो. गिअरबॉक्समधले भाग लहान असतात आणि रोजच्या धक्क्याने तेच आधी तुटतात. नवे लॉक बसवूनही वर्षभरात पुन्हा तक्रार येते, ती याच कारणाने.

पल्ला उतरतो तो मुख्यतः वजनाने. काचेचे वजन एका चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे, सुमारे अडीच किलो असते. पाच मिलिमीटरच्या दोन काचा असलेला, ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर उंच पल्ला घेतला, तर नुसत्या काचेचेच वजन १८ किलो भरते, आणि हा सगळा भार एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकतो. त्यात यूपीव्हीसी उन्हाने बरेच प्रसरण पावते. दोन मीटर उंचीच्या दाराचे तापमान ३० अंशांनी वाढले, तर त्याची लांबी सुमारे चार मिलिमीटरने वाढते. पश्चिमेकडचे दार दुपारी घट्ट होत असेल आणि सकाळी व्यवस्थित लागत असेल, तर कारण हेच आहे. अशा दाराची जुळवणी ऐन उन्हात करू नये, सकाळी करावी आणि दुपारी पुन्हा पाहावी.

कामाला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट कळकळीने सांगतो. बाहेर उघडणारा खिडकीचा पल्ला वरच्या मजल्यावर एकट्याने कधीही काढू नये. बिजागरीचा शेवटचा स्क्रू सुटला की अठरा-वीस किलोचे वजन एका क्षणात हातावर येते, आणि खाली लोक चालत असतात. दोन माणसे असावीत, पल्ल्याला दोरी बांधून ती घरातल्या भक्कम आधाराला अडकवावी आणि खालचा रस्ता मोकळा करून घ्यावा. हे जमण्यासारखे नसेल, तर बिजागरी बदलण्याचे काम कारागिरावर सोपवावे. हँडल, सिलिंडर आणि जुळवणी ही कामे मात्र पल्ला न काढता घरबसल्या होतात.

बिजागऱ्या आणि पल्ल्याची जुळवणी

दारांच्या बिजागऱ्यांवर सहसा प्लॅस्टिकची टोपणे असतात. ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हलकेच काढली, की आत ॲलन कीने फिरणारे स्क्रू दिसतात. एक स्क्रू पल्ला वर-खाली करतो, दुसरा डावी-उजवीकडे सरकवतो, आणि काही बिजागऱ्यांत तिसरा स्क्रू पल्ला रबराच्या पट्टीवर किती दाबून बसेल हे ठरवतो. कोणता स्क्रू काय करतो हे प्रत्येक बनावटीत वेगळे असल्यामुळे तो एका वेळी पाव फेराच फिरवावा, दार लावून पाहावे आणि मग पुढे जावे. पल्ला उचलायचा असेल तर सगळ्या बिजागऱ्या थोड्या थोड्या उचलाव्यात. एकच उचलली तर सगळा भार तिच्यावर येतो. चौकट आणि पल्ला यांतली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसू लागली, की टोपणे परत बसवावीत.

खिडक्यांना बहुधा अशा बिजागऱ्या नसतात. त्यांच्या वर आणि खाली स्टीलच्या पट्ट्यांची घडी असते, तिला फ्रिक्शन स्टे म्हणतात. खिडकी वाऱ्याने आपोआप बंद होत असेल, तर त्या पट्टीतून सरकणाऱ्या ठोकळ्याचा स्क्रू किंचित आवळून पाहावा. पट्टीत साचलेली धूळ, रंगाचे पापुद्रे आणि सिमेंटचे कण जुन्या टूथब्रशने काढावेत. या ठोकळ्याच्या वाटेत तेल घालू नये, कारण खिडकी हव्या त्या कोनात थांबते ती घर्षणामुळेच, आणि तेल नेमके तेच घालवते. पट्टी वाकली असेल, रिव्हेट ढिले झाले असतील किंवा गंज चढला असेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता वरची आणि खालची अशी जोडीच बदलावी.

नवी जोडी आणताना दोन मापे जुळली पाहिजेत. एक म्हणजे पट्टीची लांबी, आणि दुसरे म्हणजे बंद अवस्थेतील घडीची जाडी, जी बहुधा १३ किंवा १७ मिलिमीटर असते. १३ च्या जागी १७ ची पट्टी बसवली तर खिडकी लागतच नाही, आणि उलट केले तर फट राहते. जुनी पट्टी सोबत घेऊन दुकानात जाणे सर्वात चांगले. मुंबईत नागदेवी आणि पुण्यात बोहरी आळीच्या दुकानांतून नमुना दाखवून वस्तू घेण्याची जुनी रीतच आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी एक लहानसे लोहचुंबक खिशात ठेवावे. ३०४ आणि ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला ते जवळजवळ चिकटत नाही, तर ४३० प्रतीच्या स्वस्त स्टीलला घट्ट चिकटते, आणि खाऱ्या हवेत हे दुसरे स्टील लवकर गंजते. स्क्रूही स्टेनलेसचेच आणि जुन्याच लांबीचे घ्यावेत. भोक सैल झाले म्हणून फार लांब स्क्रू घातला, तर त्याचे टोक काचेच्या कडेला टेकून काच तडकण्याचा धोका असतो.

बिजागरी शाबूत आहे, स्क्रू घट्ट आहेत आणि तरीही पल्ला हँडलच्या बाजूला झुकलेला आहे, असे आढळले तर दोष काचेच्या पॅकिंगमध्ये शोधावा. पल्ल्याचा तोल धरण्याचे काम खरे तर काच करते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यूपीव्हीसीची नुसती चौकट लवचीक असते. काच तिच्यात प्लॅस्टिकच्या पातळ चकत्यांनी ठासून बसवलेली असते. बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात एक चकती आणि हँडलच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात दुसरी, अशा तिरप्या रेषेत काच आधार देते आणि हँडलची बाजू वर उचलून धरते. या चकत्या सरकल्या किंवा मुळात घातल्याच नसल्या, की पल्ला चौकोनाचा तिरपा होतो. तपासायचे असेल तर टेपने दोन्ही कर्ण मोजावेत. फरक पडला तर निदान झाले.

दुरुस्तीसाठी काचेभोवतीच्या बीडच्या (काच चौकटीत धरून ठेवणाऱ्या) पट्ट्या काढाव्या लागतात. लांब पट्टीच्या मध्यभागी पुट्टी लावायचा बोथट चाकू घालून पट्टी हळूच उचकटावी, मग आखूड पट्ट्या काढाव्यात, आणि कोणती कुठली ते पेन्सिलीने लिहून ठेवावे, कारण त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. काच किंचित उचलून खाली आणि वर योग्य जाडीच्या चकत्या सरकवाव्यात. एक जण पल्ला उचलून धरत असताना दुसऱ्याने हे करावे. चकती प्लॅस्टिकचीच हवी. लाकडाचा तुकडा पाण्याने फुगतो आणि कुजतो. चौकटीतली पाणी जाण्याची भोके चकतीखाली झाकली जाता कामा नयेत. काच टफन्ड (तापवून कणखर केलेली) असेल तर तिच्या कडेला धातूचा फटका लागू देऊ नये, कारण अशी काच मध्ये सहज फुटत नाही, पण कडेवर बसलेल्या लहानशा टोल्याने संपूर्ण चुरा होऊ शकते. बीड परत लावताना आधी आखूड आणि शेवटी लांब पट्ट्या बसवाव्यात.

हँडल

हँडल बदलणे हे या सगळ्यात सोपे काम आहे. खिडकीच्या हँडलच्या तळाशी एक टोपण असते. ते किंचित उचलून आडवे फिरवले की दोन स्क्रू उघडे पडतात. बहुतेक खिडक्यांत या दोन स्क्रूंमधले अंतर ४३ मिलिमीटर आणि आतल्या चौकोनी दांड्याची जाडी ७ मिलिमीटर असते. दारांना दांडा सहसा ८ मिलिमीटरचा असतो. दांडा हँडलच्या बाहेर किती येतो तेही मोजावे. तो आखूड पडला तर गिअरबॉक्सच्या चौकोनात अर्धाच शिरतो आणि थोड्याच दिवसांत तो चौकोन झिजवतो. दाराचे हँडल सोडले की खाली लोंबत असेल, पण हूक मात्र नीट आत-बाहेर होत असतील, तर फक्त हँडलमधली स्प्रिंग गेली आहे. लॉकला हात लावण्याची गरज नाही. स्क्रू आवळताना ड्रिल मशीन वापरू नये. हाताने, हँडल सहज फिरते की नाही हे पाहत पाहत आवळावेत, कारण जास्त आवळल्यानेही हँडल अडते.

सिलिंडर आणि गिअरबॉक्स

किल्ली जिथे घालतो तो भाग म्हणजे सिलिंडर. तो एका लांब स्क्रूने धरलेला असतो, आणि हा स्क्रू दाराच्या जाडीच्या बाजूला, किल्लीच्या भोकाच्या नेमका समोर असतो. दार उघडे ठेवून तो पूर्ण काढावा. नंतर किल्ली घालून ती थोडीशी, घड्याळात बाराच्या आकड्यापासून अकरापर्यंत किंवा एकपर्यंत जाईल एवढीच फिरवावी, म्हणजे मधला दात सिलिंडरच्या अंगात लपतो आणि किल्ली हलकेच ओढताच सिलिंडर बाहेर सरकतो. ओढूनही येत नसेल तर कोन किंचित बदलावा, ठोकू नये.

नव्या सिलिंडरसाठी स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे स्वतंत्र मोजावीत, उदाहरणार्थ ३० आणि ४० मिलिमीटर. आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती, हे लिहून ठेवावे. सिलिंडर बाहेरच्या बाजूला हँडलच्या पट्टीपुढे दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देऊ नये. पुढे आलेला सिलिंडर पक्कडीत धरून मोडता येतो, आणि चोरांना ही युक्ती ठाऊक असते.

सिलिंडर काढल्यावरही हँडल नुसते फिरत असेल किंवा हूक हलत नसतील, तर गिअरबॉक्स गेला. पल्ल्याच्या कडेची लांब पट्टी स्क्रू काढून बाहेर घेता येते आणि बऱ्याच लॉकमध्ये मधला गिअरबॉक्स तेवढाच बदलता येतो. पट्टीच्या पुढच्या पृष्ठभागापासून सिलिंडरच्या मध्यापर्यंतचे अंतर, हँडलच्या चौकोनापासून सिलिंडरच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि पट्टीची रुंदी ही तीन मापे जुळली पाहिजेत. गिअरबॉक्स दार बंद असतानाच तुटला असेल, तर मात्र उचकटण्याचा प्रयत्न न करता अनुभवी कारागिराला बोलवावे. चौकट एकदा तुटली की ती सांधता येत नाही.

तेलपाणी

आपल्याकडे कुलपात खोबरेल तेल घालण्याची सवय घरोघरी आहे. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत ते कुलपातच घट्ट होते आणि धूळ धरून ठेवते. सिलिंडरसाठी ग्रॅफाइटची कोरडी पूड घ्यावी. ती नसेल तर किल्लीच्या दातांवर मऊ पेन्सिल भरपूर घासून किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करावी. हूक, रोलर (पल्ल्याच्या कडेवरची, चौकटीत अडकून पल्ला दाबून धरणारी गोल बोंडे) आणि गिअरबॉक्स यांना शिलाई यंत्राचे पातळ तेल थेंबभर पुरते. रबराच्या पट्ट्यांवर पेट्रोलियम ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. त्यांना सिलिकॉनचा फवारा चालतो. हे काम वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, करावे, आणि त्याच वेळी चौकटीतली पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत.

काम संपल्यावर लगेच दार लावून पाहण्याचा मोह आवरावा. पल्ला उघडा ठेवून हँडल आणि किल्ली वीस वेळा फिरवावीत. मग रबराच्या पट्टीवर कागदाची चिटोरी ठेवून पल्ला बंद करावा आणि ती ओढून पाहावी. चारही बाजूंना ती सारख्याच जोराने अडकली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती सहज निसटली, तर तिथला रोलर ॲलन कीने किंचित फिरवून दाब वाढवावा. पहिल्यांदा कुलूप लावताना एक जण किल्ली घेऊन आत आणि दुसरा बाहेर असावा.