पाच बँडची मेटल कॉन्सर्ट आणि शाबूत कान

सातारा-सांगलीकडून मेटल, म्हणजे कर्कश गिटारचं दणदणीत रॉक संगीत, ऐकायला निघायचं तर आधी परतीचं बघा. उघड्या मैदानावर रात्री १० नंतर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणून कार्यक्रम दुपारीच सुरू होतो आणि मुख्य बँड साडेआठच्या आसपास स्टेजवर येतो. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस त्याच सुमारास सुटते. तिचं तिकीट काढलंत तर पैसे मुख्य बँडचे जाणार आणि ऐकणार फक्त सुरुवातीचे. पुण्याला गेलात तर स्वारगेटहून रात्रीची एसटी बरी.

लेस घट्ट बांधलेले बूट, चेनच्या खिशात फोन, पोटभर जेवण. बाकी काळा टी-शर्ट तुमच्याकडे असणारच.

आता कान. "आम्ही गणपतीत डॉल्बीपुढे नाचलोय, आम्हाला काय होतंय?" हे मला सांगू नका. कानाला सवय होत नसते. आतल्या नाजूक पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा येत नाहीत. हिशेब सोपा आहे: ८५ डेसिबल ८ तास सोसतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मेटलच्या स्टेजपुढे आवाज त्याच्याही वर जातो. म्हणजे पहिल्या बँडच्या तिसऱ्या-चौथ्या गाण्यातच दिवसाचा कोटा संपला, अजून चार बँड बाकी.

कापसाचे बोळे फेकून द्या, त्यांनी फारसं काही होत नाही. फोमचे इअरप्लग चालतात, पण नुसते कानाच्या तोंडाशी टेकवायचे नाहीत. निम्मे लोक तेच करतात आणि वर "प्लगचा उपयोग नाही" म्हणून सांगत फिरतात. प्लग बोटांत वळून बारीक सुरळी करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढा, सुरळी आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. मग दोन्ही तळवे कानांवर दाबून बघा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. काढा, पुन्हा घाला. हे गेटबाहेरच करायचं, घामेजल्या बोटांनी गर्दीत जमत नाही.

फोम झांजा आणि गिटारची धार खातो, हे खरं. वर्षातून दोन-तीन शो बघत असाल तर फिल्टरवाले प्लग घ्या. त्यांत जाड-बारीक सगळे आवाज सारखेच उतरतात, शब्दही कळतात.

बँड बदलताना प्लग काढायचा मोह होतो. नेमकं तेव्हाच पुढच्या बँडचा ड्रमर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) तपासतो, तोही पूर्ण स्पीकरवर. गप्पा मारायच्या तर मागे, स्टॉलपाशी जा.

पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढे धक्काबुक्की करत नाचणाऱ्या गर्दीत, कोणी पडलं की आधी उचला, मग नाचा. चष्मा बाहेरच्या मित्राकडे. पिट नको असेल तर साउंडवाल्याच्या टेबलामागे उभे राहा, सगळ्यात चांगला आवाज तिथेच मिळतो.

घरी आल्यावर कानात शिट्टी वाजली तर पुढचे एक-दोन दिवस हेडफोन बंद. तरी थांबली नाही, तर कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर त्याच दिवशी जा.