फुलपाखरे आणि पतंगांचा मायटोकाँड्रियल जीनोम: संगणकाने केलेली जनुकांची आखणी कशी तपासावी

फुलपाखरू असो वा पतंग, त्याच्या मायटोकाँड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातला) डीएनए वर्तुळाकार असतो आणि त्याची लांबी बहुधा १५,००० ते १६,००० बेसजोड्यांच्या (डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांच्या जोड्यांच्या) दरम्यान असते. त्यात ३७ जनुके असतात: १३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची (अमिनो आम्ले वाहून आणणारे रेणू) आणि २ आरआरएनएची (प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमचे घटक). यांशिवाय एक लांब, जनुकविरहित पट्टा असतो, त्याला नियंत्रण क्षेत्र म्हणतात. ही मांडणी बहुतेक कुळांत इतकी सारखी आहे की सॉफ्टवेअरने दिलेला निकाल तिच्याशी पडताळून पाहता येतो, आणि पाहायलाच हवा. स्वयंचलित आखणी, म्हणजे कोणते जनुक कुठे सुरू होते आणि कुठे संपते याची सॉफ्टवेअरने केलेली नोंद, हा कच्चा खर्डा असतो. ती तशीच डेटाबेसमध्ये गेली की त्यातली चूक पुढच्या प्रत्येक तुलनेत उतरते.

नमुना आणि जुळणी

डीएनएसाठी पाय किंवा छातीचा स्नायू घ्या. पोट टाळा. आतड्यातले अन्न, जिवाणू आणि कधीकधी परजीवी कीटकांच्या अळ्या यांचा डीएनए त्यात मिसळतो. नमुना ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये, उणे २० अंशांवर ठेवा. पेशीत मायटोकाँड्रियल जीनोमच्या प्रती शेकड्यांनी असतात, त्यामुळे संपूर्ण डीएनएच्या छोट्या रीड्सचे (यंत्राने वाचलेल्या तुकड्यांचे) काही गिगाबेस (अब्ज बेस) जुळणीला, म्हणजे ते तुकडे जोडून पूर्ण अनुक्रम बनवायला, सहसा पुरतात.

गेटऑर्गनेल हा जुळणीचा प्रोग्रॅम वापरत असाल तर प्राण्यांच्या मायटोकाँड्रियाचा संच निवडा. नोव्होप्लास्टी या दुसऱ्या जुळणी-प्रोग्रॅमला रीड्स देताना फक्त अ‍ॅडाप्टर (रीड्सच्या टोकांना जोडलेले कृत्रिम तुकडे) काढा, गुणवत्तेनुसार छाटणी करू नका; त्या छाटणीने त्याची जुळणी बिघडते. वर्तुळ पूर्ण झाल्यावर दोन्ही टोकांना तोच तुकडा दोनदा राहिला नाही ना, हे बघा. मग सगळ्या रीड्स त्या जीनोमवर परत बसवा. खोली, म्हणजे प्रत्येक जागी किती रीड्स बसल्या ती संख्या, सर्वत्र साधारण सारखी दिसली पाहिजे. एखाद्या पट्ट्यात ती अचानक दुप्पट झाली, तर पुनरावृत्त तुकडे एकावर एक बसले असण्याची शक्यता मोठी. प्रथिनाच्या जनुकात मध्येच थांबा कोडॉन (प्रथिन संपवणारी तीन अक्षरे) आला आणि तिथे खोलीही कमी असली, तर केंद्रकीय डीएनएत जाऊन बसलेली जुनी प्रत जुळणीत शिरल्याचा संशय घ्या. त्याच नमुन्याचा ६५८ बेसचा बारकोड (जात ओळखण्यासाठी वाचलेला कॉक्स-१ जनुकाचा तुकडा) हाताशी असेल तर तो कॉक्स-१शी जुळवून पाहा. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर लगेच कळते.

क्रम आणि दिशा

बहुतेक फुलपाखरे-पतंगांत नियंत्रण क्षेत्रानंतर टीआरएनएचा क्रम मेथिओनिन, आयसोल्यूसिन, ग्लुटामिन असा असतो. कीटकांचा मूळ क्रम मात्र आयसोल्यूसिन, ग्लुटामिन, मेथिओनिन आहे आणि हेपिअ‍ॅलिडी कुळातल्या पतंगांत तो टिकून आहे. फळमाशीचा जीनोम साचा म्हणून वापरला की इथेच गोंधळ होतो. म्हणून साचा याच गणातला घ्या आणि अनुक्रमाची सुरुवात मेथिओनिन टीआरएनएपासून करा.

९ प्रथिन-जनुके आणि १४ टीआरएनए मुख्य धाग्यावर असतात. एनडी-१, एनडी-४, एनडी-४एल, एनडी-५ ही प्रथिन-जनुके, दोन्ही आरआरएनए आणि उरलेले ८ टीआरएनए विरुद्ध धाग्यावर. जीसी-स्क्यू, म्हणजे जी उणे सी भागिले जी अधिक सी, मुख्य धाग्यावर ऋण येतो. तो धन आला तर बहुधा तुमचा अनुक्रम उलटा पडला आहे. त्याचा पूरक उलटा धागा घ्या.

जनुकांच्या सीमा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. आधी जनुकीय कोडचा तक्ता ५, म्हणजे अपृष्ठवंशीय मायटोकाँड्रियाचा, निवडलेला आहे याची खात्री करा. तक्ता १ राहिला तर टीजीए थांबा कोडॉन ठरतो आणि प्रथिने मध्येच तुटतात. इथे तो ट्रिप्टोफॅनचा आहे. तक्ता २ निवडला तर एजीए आणि एजीजी थांबे बनतात, प्रत्यक्षात इथे ते सेरीन देतात.

बहुतेक प्रथिन-जनुके एटीए, एटीटी, एटीजी अशा कोडॉनने सुरू होतात. कॉक्स-१ हा ठळक अपवाद: तो सीजीएने सुरू होतो. मायटॉससारखा आखणीचा प्रोग्रॅम नेहमीचा आरंभ शोधत सीमा पुढे-मागे सरकवतो. टायरोसिन टीआरएनए संपल्यावर लगेच सीजीए शोधा आणि जनुक तिथून धरा. शेवटाकडे कॉक्स-१ आणि कॉक्स-२ अनेकदा एकट्या टीवर संपतात. ती चूक नव्हे. आरएनएला ए-ची शेपटी जोडली जाते तेव्हा टीएए पूर्ण होतो. पूर्ण थांबा मिळावा म्हणून जनुक पुढच्या टीआरएनएत ओढू नका.

एटीपी-८ आणि एटीपी-६ सात बेसनी एकमेकांवर चढलेले असतात, आणि तो तुकडा एटीजीएटीएए असतो. ट्रिप्टोफॅन आणि सिस्टीन टीआरएनए आठ बेसनी चढतात. सेरीनचा दुसरा टीआरएनए आणि एनडी-१ यांच्यामधल्या छोट्या मोकळ्या जागेत एटीएसीटीएए सापडला पाहिजे. ग्लुटामिन टीआरएनए आणि एनडी-२ यांच्यामधली मोकळी जागाही या गणाची खूण आहे. ती रिकामी दिसते म्हणून एनडी-२ मागे ताणू नका.

एजीएन (एन म्हणजे कोणताही बेस) कोडॉन वाचणाऱ्या सेरीन टीआरएनएला डीएचयू भुजा (टीआरएनएच्या घडीतली एक बाजू) नसते किंवा ती अगदी तोकडी असते. टीआरएनए शोधणारा टीआरएनएस्कॅन-एसई हा प्रोग्रॅम तो गाळू शकतो, त्यामुळे एकूण २१ आले तर आधी हाच शोधा. आरआरएनएच्या सीमा शेजाऱ्यांवरून ठरवा: मोठा आरआरएनए ल्यूसिन आणि व्हॅलिन टीआरएनएंच्या मध्ये, छोटा व्हॅलिन आणि नियंत्रण क्षेत्र यांच्या मध्ये. प्रोग्रॅम या दोन्हींची टोके बऱ्याचदा आखडती घेतो.

नियंत्रण क्षेत्र आणि घटकांचे प्रमाण

छोट्या आरआरएनएच्या जवळ एटीएजीए आणि त्याला लागून टींची लांब रांग दिसली पाहिजे. पुढे एटीटीटीए आणि टीए-टीए अशी पुनरावृत्ती अनेक जातींत आढळते. छोट्या रीड्स तिथे कमी पडतात, तेव्हा लांब रीड्स वापरा किंवा तो पट्टा पीसीआरने वाढवा. या एटी-बहुल भागासाठी विस्ताराचे तापमान ७२ऐवजी ६० ते ६५ अंश ठेवा. टींच्या रांगेनंतर सँगर पद्धतीचे वाचन धूसर होते, म्हणून दोन्ही बाजूंनी वाचा.

संपूर्ण जीनोममध्ये ए आणि टी मिळून साधारण ८० टक्के असतात. नियंत्रण क्षेत्रात आणि कोडॉनच्या तिसऱ्या स्थानी ते प्रमाण बहुधा ९० टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणूनच टीटीए, एटीटी, टीटीटी आणि एटीए हे कोडॉन सर्वाधिक दिसतात. दूरच्या कुळांचा वंशवृक्ष काढताना तिसरे स्थान वगळा किंवा अमिनो आम्लांवर काम करा, नाहीतर बदलांची गर्दी नात्याचा संकेत पुसून टाकते. जनुकबँकेत (जेनबँक या डेटाबेसमध्ये) पाठवताना अपुऱ्या थांब्याजवळ तो ए जोडून पूर्ण होतो अशी टीप लिहा. ती नसली की तपासणीत ते जनुक अपूर्ण म्हणून परत येते.