फ्लॅटचं काम काढताय? पाण्याच्या बाबतीत या चुका टाळा

मुंबईत फ्लॅटचं काम काढलं की चर्चा सुरू होते टाइल्सपासून. मॅट की ग्लॉसी, दोन बाय दोन की चार बाय दोन, यावर घरात दोन तट पडतात. पाणी कुठून येणार, कुठे जाणार आणि मधेच कुठे मुरणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मग खालच्या मजल्यावरच्या काकू "अहो, आमच्या छताला ओल आलीय" म्हणत दारात उभ्या राहतात आणि नव्याकोऱ्या टाइल्सवर पुन्हा छिन्नी चालते.

पहिली चूक मुहूर्ताची. मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात काम काढायचं, हा आपला रिवाज. त्यात अर्धे कारागीर गावी गेलेले. तोडफोड आणि प्लंबिंग होईपर्यंत महिना सरतो. मुंबईत पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून, म्हणजे नेमक्या त्याच सुमारास प्लास्टर ओलं असताना पुट्टी आणि रंग सुरू होतात. दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटलेच म्हणून समजा. जमत असेल तर काम दसऱ्यानंतर काढा.

बाथरूम: इथे घाई नको

बहुतेक बिल्डिंगांत बाथरूमचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून कोबा केलेला असतो. टाइल्स निघाल्या की मिस्त्री म्हणतो, "दादा, खालचा कोबा मजबूत आहे, वरचं तेवढं काढू." ऐकू नका. वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी त्याच विटांमध्ये साठलेलं असतं. सगळा भराव काढून मूळ स्लॅब उघडा करा. तोही मोठं ब्रेकर मशीन लावून नाही, छिन्नी-हातोड्याने. तडे दिसतात का, सळई गंजून काँक्रीट फुगलंय का, हे स्वतः वाकून बघा. गंजलेली सळई दिसली तर काम थांबवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

गळती सहसा मोकळ्या जमिनीतून होत नाही. ती होते कोपऱ्यातून आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, भोवतीने. म्हणून भिंत आणि जमीन मिळते तिथे मसाल्याचा गोल वाटा मारून घ्या, म्हणजे कोपरा काटकोनात न ठेवता गोलसर भरून घ्या. वॉटरप्रूफिंगचे दोन हात आडवे-उभे द्या आणि ते भिंतीवर किमान फूटभर चढवा. शॉवरच्या भिंतीवर सहा फूट.

यानंतरची पायरी सर्रास गाळली जाते: पाणी साठवून बघणं. नहाणीला बूच मारा, दारात विटेचा छोटा बांध घाला, दोन-तीन इंच पाणी भरा आणि पातळीवर भिंतीला पेन्सिलने रेघ ओढा. 48 तास हात लावू नका. मग खालच्या घरी जाऊन, त्यांना विचारून, छताचा फोटो काढा. आधीचाही फोटो हवा, नाहीतर जुनी ओल तुमच्या नावावर चढते. भराव झाल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, हीच चाचणी पुन्हा करा. "उद्या टाइलवाला येतोय, वेळ नाही" असं ठेकेदार म्हणेल. टाइलवाल्याला परवा बोलवा.

भरावाचं वजनही ध्यानात घ्या. चार बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये नऊ इंच विटांचा कोबा टाकला तर भार जवळपास एक टन होतो. सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) तुकडे वापरले तर तो निम्म्याहून कमी. हॉलमध्येही तेच: जुन्या लादीवर दोन इंच मसाला टाकून नवी लादी बसवली, तर 400 चौरस फुटांना नुसता मसालाच साडेतीन टनांच्या वर जातो. पन्नास वर्षांच्या बिल्डिंगवर हा बोजा टाकू नये. लादीवर लादी बसवायचीच असेल तर टाइल अ‍ॅडहेसिव्हने बसवा आणि दारांची उंची आधी मोजा.

उतार फुटाला साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग), नहाणीकडे. टाइल्स बसल्या की जॉइंट भरण्याआधी तांब्याभर पाणी ओतून बघा, कुठे थांबतंय का.

पाइप भिंतीत गाडण्याआधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळतंय का हे बघण्याची चाचणी, करून घ्या. बाथरूममध्ये नवा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप आणि मागे तीस वर्षांचा गंजका जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप तसाच, ही अर्धवट कामं सांध्यावर फुटतात. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढा; पुढे गिझरसाठी ड्रिल करताना तेच कामी येतात.

शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर तो मोठा रेन शॉवर घेण्याआधी थांबा. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण 1 बार दाब मिळतो. तुमची टाकी डोक्यावर तीन-चार मीटरवर, म्हणजे दाब त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. शॉवरच्या खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो, तो वाचा. नाहीतर प्रेशर पंपाची सोय आधीच ठेवा.

गळती सुरू झालीच असेल तर

फोडायला सुरुवात करण्याआधी पाणी कुठलं ते शोधा. घर बंद असतानाही ओल वाढत असेल तर संशय पाण्याच्या लाइनवर: रात्री चावी बंद ठेवा, सकाळी फरक बघा. आंघोळीनंतरच ठिबकत असेल तर नहाणी किंवा सांडपाण्याचा पाइप. नहाणी बंद करून रंग घातलेलं पाणी साठवा, खाली रंग उतरला की जमीन दोषी. फक्त पावसात ओल येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची चौकट किंवा गच्ची. बेडरूमच्या भिंतीला खालून लोणा (ओलीमुळे येणारा पांढरा क्षार) धरला असेल तर पलीकडे बाथरूम आहे का बघा. खालून इंजेक्शन मारून तडे बुजवणारे भेटतील; वरचं पाणी तसंच राहिलं तर ते दुसऱ्या जागेतून वाट काढतं.

खर्च कुणाचा, यावरून भांडणं होतात. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. संडास, बाथरूम, सिंकची आतली गळती सभासदाने. म्हणून मूळ कुठे आहे ते आधी लेखी नोंदवा, मग सेक्रेटरींशी बोला.

बाल्कनी खोलीत घेणं, संडासाची जागा हलवणं, बीमला किंवा कॉलमला छिन्नी लावणं, हे इंजिनिअर आणि परवानगीशिवाय करूच नका. दुसऱ्याच्या झोपायच्या खोलीवर तुमची मोरी आली तर तो गप्प बसणार नाही, आणि का बसावं?

आणि मलबा. गोण्या जिन्यात रचून ठेवू नका, रात्री नाक्यावरही टाकू नका. महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, किंवा ठेकेदाराच्या कोटेशनमध्येच मलबा उचलण्याचा खर्च वेगळा लिहून घ्या.