कोल्हापुरात नव्याने आलेल्या मंगळवेड्यांसाठी

मी लोणार तालुक्यातला. शिकायला कोल्हापुरात आलो आणि इथलाच झालो. दरवर्षी पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातली नवी पोरं-पोरी शिवाजी विद्यापीठात येतात. त्यांतली काही आकाशाच्या ओढीने भौतिकशास्त्र घेतात आणि येताक्षणी विचारतात, "दादा, मंगळ कुठून चांगला दिसेल?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

खानावळीचं तुमचं तुम्हाला जमेल. खोली घेताना मात्र डिपॉझिट देण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: गच्ची रात्री उघडी असते का? कित्येक घरमालक दहाला कुलूप लावतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या वर्षी दुर्बीण विकत घेऊ नका. खोक्यावर "५२५ पट मोठं" असं छापलेली तर कधीच घेऊ नका. परभणीच्या एका पोराने स्कॉलरशिपचे सगळे पैसे अशा दुर्बिणीत घातले. स्टँड वाऱ्याने हलायचा आणि भिंगात थरथरता नारिंगी ठिपका दिसायचा. पुढचे काही महिने त्याने उसनवारीवर काढले. तरीही दरवर्षी कुणी ना कुणी तेच करतं. मंगळाचा व्यास ६,७७९ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या जेमतेम निम्मा. अगदी जवळ आला तरी तो साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो आणि तेव्हाही त्याची चकती चंद्राच्या सत्तराव्या भागाएवढी दिसते. एरवी त्याहून कितीतरी लहान. दुर्बीण किती पट मोठं दाखवते याला अर्थ नाही. आरसा किती रुंद आणि स्टँड किती घट्ट, ते बघा. तोवर विद्यापीठातल्या सीनियर पोरांशी ओळख करा. आपल्याकडची मंडळी आपापल्या जिल्ह्याचा गट करून बसतात, ते मला पटत नाही. इथला माणूस बोलायला रांगडा आहे, पण रात्री तुम्ही दुर्बीण मांडून बसलेले दिसलात तर चहा घेऊन येईल आणि स्वतःही डोळा लावून बघेल.

दुसरी गोष्ट महिन्याची. साधारण दर २६ महिन्यांनी सूर्य आणि मंगळ यांच्या मधे पृथ्वी येते. तीच प्रतियुती. मंगळाची कक्षा चांगलीच लंबगोल आहे, त्यामुळे सगळ्या प्रतियुती सारख्या नसतात. सर्वांत जवळच्या येतात जुलै ते सप्टेंबरात, म्हणजे कोल्हापूर ढगाखाली असतं त्याच दिवसांत. २७ जुलै २०१८ची तशीच होती. मंगळ पावणेसहा कोटी किलोमीटरपर्यंत आला, पण इकडे पावसाळा आणि तिकडे मंगळावर ग्रहभर धुळीचं वादळ. म्हणून मी नव्या पोरांना सांगतो, १९ फेब्रुवारी २०२७ धरा. अंतर दहा कोटींवर, चकती लहान, पण आभाळ मोकळं असण्याची शक्यता दांडगी. शिवाय सिंह राशीतला मंगळ मध्यरात्री इथल्या जवळजवळ डोक्यावर असेल, त्यामुळे क्षितिजावरची धूळ आणि गुऱ्हाळांचा धूर आड येणार नाही.

त्याआधी एकदा पन्हाळ्याला जा. शहरापासून वीसेक किलोमीटर. वर लाल, भोकाभोकांचा जांभा आणि त्याच्याखाली काळा पत्थर. जांभ्याचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचा, मंगळाचाही तसाच. फरक एवढाच, की जांभा व्हायला युगानुयुगं ऊन-पाऊस लागला; मंगळावर आज तसा पाऊस नाही, तिथे गंज मुख्यतः बारीक धुळीच्या थरात आहे. गडावरचा दगड फोडू नका. खाली रस्त्याकडेची खडी उचला आणि जुनी, तपकिरी पापुद्रा धरलेली काळी खडी फोडून बघा. आतून राखाडी निघेल. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीने, २०१३ साली मंगळावरच्या खडकात भोक पाडलं, तेव्हा आतून राखाडीच भुगा निघाला होता. आपल्या लोणारचं विवर याच काळ्या पत्थरात उल्कापाताने झालं, म्हणून मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ तिथे येतात. बुलढाण्याच्या पोरांनी तरी लोणार सहलीपुरतं ठेवू नये.

सह्याद्री ज्या लाव्हाचा, तसाच बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पत्थर, तिकडेही आहे. पण तिथलं कवच पृथ्वीसारखं सरकत नाही आणि गुरुत्व आपल्या ३८ टक्के. एकाच जागी लाव्हा साचत गेला आणि ऑलिंपस मॉन्स हा तिथला ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच झाला.

लाल आहे म्हणून मंगळ तापलेला असेल, हा गैरसमज पहिल्याच दिवशी काढून टाका. सरासरी तापमान उणे साठच्या आसपास. हवा बहुतेक कार्बन डायऑक्साइडची आणि इतकी विरळ, की दाब पृथ्वीच्या एक टक्काही भरत नाही. विषुववृत्तावर दुपारी वीस अंशांपर्यंत जातं, पण ती ऊब धरून ठेवायला हवाच नाही. रात्री पुन्हा उणे सत्तरच्या खाली.

फेब्रुवारीत बघायला बसाल तेव्हा आधी मंगळाच्या उत्तर ध्रुवावरची बर्फाची पांढरी टोपी शोधा, मग सिर्टिस मेजर हा गडद पट्टा. तो पहिल्या रात्री दिसला नाही तर दुर्बिणीला दोष देऊ नका. मंगळ स्वतःभोवती फिरायला २४ तास ३७ मिनिटं घेतो. म्हणजे आज अकराला समोर असलेला भाग उद्या अकरा सदतीसच्या सुमारास समोर येतो. रोज त्याच वेळी बघत राहिलात तर सगळा गोल डोळ्यांखालून जायला पाचेक आठवडे लागतात. वहीत रोजची वेळ आणि एक चित्र टाका, साध्या शिसपेन्सिलीने. मोबाईलच्या फोटोत हे डाग येत नाहीत.