लुथरन चर्चमध्ये पहिल्यांदा जाताना या चुका टाळा

माझ्या मैत्रिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा छिंदवाड्याला, तिच्या माहेरच्या लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये होता. आम्ही दोघी इंदूरला एकाच ऑफिसात, टेबलाला टेबल लागून. बोलावणं आग्रहाचं होतं, म्हणून मी आदल्या दिवशीच पेंचव्हॅली एक्स्प्रेसने गेले. सकाळी आराधना सुरू झाली, गीतं झाली, बाप्तिस्मा झाला आणि थोड्या वेळाने लोक उठून वेदीकडे जाऊ लागले. रांग दिसली की उठायचं ही आपली सवय, मीही उठले. वेदीपुढे गुडघे टेकले आणि उजव्या हाताखाली डावा हात धरून ओंजळ पुढे केली. पास्टरजी थांबले. अगदी हळू आवाजात विचारलं, "बेटी, आपका बपतिस्मा हुआ है?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दोन ओळींची प्रार्थना केली आणि पुढच्या माणसाकडे वळले.

कुणी रागावलं नाही, कुणी वळून पाहिलंही नाही. पण दिवसभर मला एकच रुखरुख होती, की या लोकांचं जे सगळ्यात पवित्र, तिथेच माझा हात चुकला. त्यानंतर इंदुरात ओळखीचं कुणी ख्रिस्ती लग्नाला किंवा बाप्तिस्म्याला निघालं की मी आधी हेच सांगते.

ती भाकर प्रसाद नव्हे

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आपल्याकडे प्रसाद नाकारणं म्हणजे देवाचा आणि घरच्यांचा अपमान. प्रभुभोजात, म्हणजे वेदीपाशी भाकर आणि द्राक्षरस देतात त्या विधीत मात्र पाहुण्याने जागेवर बसून राहणं हाच मान राखणं आहे. प्रभुभोजातली भाकर म्हणजे देवाला दाखवून सगळ्यांना वाटलेला नैवेद्य नाही. भाकर आणि द्राक्षरस यांत ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर उपस्थित असतं, ही लुथरन श्रद्धा. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला याच मुद्द्यावर मार्टिन लुथर आणि स्वित्झर्लंडचे धर्मसुधारक झ्विंग्ली यांची बैठक झाली. लुथरने टेबलावर खडूने ख्रिस्ताचे शब्द लिहून ठेवले, 'हे माझे शरीर आहे', आणि शेवटपर्यंत त्यावरून हलला नाही. दोघांचं बाकी बऱ्याच गोष्टींवर जुळलं, यावर नाही. ज्या गोष्टीसाठी माणसं एवढी अडून बसली, ती आपण शिऱ्यासारखी हातात घेऊन चालणार नाही.

मग करायचं काय? रांग उठली की आपण बसून राहायचं. बाकावरून बाहेर पडणाऱ्यांना वाट द्यायला पाय आत घ्यायचे, एवढं पुरे. बऱ्याच ठिकाणी पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर घडी केले तर पास्टर फक्त आशीर्वाद देतात. ही रीत त्या चर्चमध्ये आहे का, ते आधी दाराशी विचारून घ्या. आणि चुकून भाकर हातात आलीच, तर ती घरच्यांसाठी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवू नका. प्रेमाने होते ही चूक, पण त्यांच्या जिवाला लागते. तिथल्या तिथे पास्टरांना परत द्या आणि सांगा की मला माहीत नव्हतं.

सगळी चर्चेस एकच समजणं

इंदूरकराला व्हाइट चर्च ठाऊक असतं, आणि मग सगळंच 'चर्च' होऊन जातं. मध्यप्रदेशातल्या लुथरन मंडळ्यांचं मूळ स्वीडनच्या मिशनमध्ये आहे. ते लोक १८७७ मध्ये या भागात आले, गोंड वस्त्यांमध्ये काम केलं, आणि आज या चर्चचं मुख्यालय छिंदवाड्यालाच आहे. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतातली अनेक प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र आली, तेव्हा लुथरन त्यात नव्हते. झगा, मेणबत्त्या, वेदी, ठरलेल्या क्रमाने होणारी आराधना पाहून आपल्याला वाटतं की हे कॅथलिक. तसं नाही. पास्टरांना लग्नाची मुभा असते, पुष्कळदा त्यांच्या घरची मंडळी तुमच्या शेजारच्याच बाकावर असतात. त्यांना 'फादर' म्हटलं तर कुणी टोकत नाही, पण 'पास्टरजी' किंवा 'पादरी साहब' म्हणा.

उठणं, बसणं, म्हणणं

आराधना हिंदीत असते, त्यामुळे इंदूरच्या मराठी माणसाला भाषेची अडचण नाही. अडचण होते ती उठाबशीची. सुरुवातीला पापस्वीकार, मग क्षमेची घोषणा, बायबलमधली वाचनं, उपदेश, विश्वासाचा अंगीकार (श्रद्धेची सगळ्यांनी मिळून म्हणायची कबुली), प्रार्थना, शेवटी आशीर्वाद. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग वाचताना सगळे उभे राहतात. मी पहिल्यांदा प्रत्येक वेळी अर्धा क्षण उशिरा उठत होते आणि त्या धावपळीत उपदेशातलं एक वाक्य मनात राहिलं नाही. मागच्या तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा, म्हणजे पुढचे दिसतात. ते उठले की उठा, नाही जमलं तर बसून राहा.

आणि एक मनापासून सांगते. सगळे म्हणतात म्हणून विश्वासाचा अंगीकार तोंडाने पुटपुटू नका. ती त्यांची कबुली आहे. ज्यावर आपला विश्वास नाही ते शब्द नुसते म्हणण्यापेक्षा शांत उभं राहण्यात जास्त आदर आहे. गीतं मात्र खुशाल म्हणा. शेजारच्या आंटी पुस्तकाचं पान काढून देतातच.

चपला-बुटांचा प्रश्न दारातच सुटतो. बाक असतील तर बहुधा कुणी काढत नाही, सतरंज्या असतील तर काढतात. काही जुन्या मंडळ्यांत बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे बसतात, तेही आत शिरताना पाहून घ्या. दानाची थैली फिरते तेव्हा पाहुण्याने द्यायलाच हवं असं नाही, आणि एकशे एकचा हिशोब तर नाहीच. थैली पुढे सरकवा.

बाप्तिस्मा म्हणजे बारसं नव्हे

लुथरन लहान बाळांचाही बाप्तिस्मा करतात, म्हणून आपण झबलं-टोपडं घेऊन जातो आणि विचारतो, "नाव काय ठेवलं?" नाव बहुतेक वेळा आधीच ठेवलेलं असतं. इथे पाणी मुख्य. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाळाच्या डोक्यावर पाणी घालतात, आणि धर्मपिता-धर्ममाता त्याला श्रद्धेत वाढवायचं वचन देतात. भेट न्या, पण ती घरी द्या. पाणी घालताना मोबाइल घेऊन वेदीपाशी धावू नका, तो फोटो नंतर घरचे काढू देतात.

आणखी एक चूक सणाची. पहिली भेट गुड फ्रायडेला ठेवू नका, आणि त्या दिवशी 'हॅपी गुड फ्रायडे' असा मेसेज तर मुळीच पाठवू नका. तो ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस, वेदीवरची वस्त्रं-सजावट काढून ठेवतात, लोक हळू बोलतात. नाताळला गर्दी इतकी की कुणाला तुमच्याशी बोलायला सवड नसते. साधा रविवार निवडा.

साध्या रविवारी शेवटी पुष्कळ ठिकाणी नवीन पाहुण्यांना उभं राहून नाव सांगायला लावतात. आमच्या मराठी मंडळींना याचीच सगळ्यात जास्त धास्ती, की नाव घेतलं म्हणजे आता सभासद करून घेतील. माझ्या सासूबाईंनीही तेच विचारलं होतं. एका रविवारी बसल्याने कुणी लुथरन होत नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलांनासुद्धा दृढीकरणाआधी, म्हणजे मोठेपणी आपली श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या विधीआधी, शिकवणीचे वर्ग करावे लागतात. "मैं इंदौर से आई हूँ" एवढं म्हणून बसायचं. उभं राहायचंच नसेल तर आत शिरताना दाराशी उभ्या माणसाला तसं सांगून ठेवा, ते नाव पुकारत नाहीत.

यंदा मैत्रिणीच्या दुसऱ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. सासूबाई माझ्याबरोबर होत्या. रांग उठली तेव्हा त्यांनी पाय आत घेतले, पदर सावरला आणि हात जोडून बसून राहिल्या. परतताना मैत्रिणीच्या आईने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि "जय मसीह की" म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "नमस्कार, ताई. आता इंदूरला या."