पुरानंतर आरोग्याचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

पूर ओसरला की आठवड्याभरात फॉर्म घेऊन पथकं गावात शिरतात. हेतू चांगलाच असतो, पण आकडे पुष्कळदा फसतात. गडबड बहुधा छेदात असते, म्हणजे ‘किती जणांमध्ये’ या आकड्यात.

‘तापाचे ४० रुग्ण’ हा नुसता अंश झाला. किती माणसांत ४०? निवारा केंद्रात दुपारी जेवायला ३०० जण असतात, रात्री मुक्कामाला १५०, बाकीचे पाहुण्यांकडे. तिथं जनगणनेचा आकडा काय कामाचा? रोज रात्री डोकी मोजा. शिवाय ऑगस्टमध्ये पूर नसला तरी ताप असतोच, तेव्हा आरोग्य केंद्राचं जुनं ओपीडी रजिस्टर काढून त्याच आठवड्यांशी ताडून बघा. आणि फिरतं पथक आलं की रुग्ण ‘वाढतात’, कारण मोजणारे वाढलेले असतात.

दुसरी चूक घाईची. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या दूषित पाण्यातून होणारा ताप) लक्षणं संसर्गानंतर साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसतात, कधी महिनाही लागतो. सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला तो २६ जुलै २००५ ला; मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले ते ऑगस्टमध्ये. पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी ‘साथ नाही’ लिहून मोकळं होऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी. २०१९ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या एका गावात मी फॉर्म भरत होतो. ताप, जुलाब, जखम, सगळ्याला मावशी ‘न्हाई’ म्हणाल्या. मी उठलो तशा म्हणाल्या, “बीपीच्या गोळ्या हायत का तुमच्याकडं? डबा पाण्यात गेला, बारा दिवस झालं.” आमच्या चार पानी फॉर्मात त्याला रकानाच नव्हता. समासात लिहून घेतलं.

२०१७ च्या मारिया वादळानंतर प्युर्टो रिको या कॅरिबियन बेटावर सरकारी आकडा ६४ मृत्यूंचा होता. पुढं एरवीच्या मृत्यूंशी तुलना करून अंदाज निघाला २,९७५. कित्येक महिने वीज नव्हती, दवाखाने धड चालत नव्हते. बहुतेक माणसं वादळात नाही, नंतर गेली.

म्हणून फॉर्ममध्ये विचारा: कुठली औषधं चालू होती, शेवटचा डोस कधी घेतला, डायलिसिस चुकलं का, तीन महिन्यांत घरात कोण गेलं – कारण काहीही असो. कुलूपबंद घरावर ‘उपलब्ध नाही’ लिहून पुढं जाऊ नका, शेजारी किंवा आशाताईंना विचारा. एकट्या म्हाताऱ्याला मुलानं पुण्याला नेलेलं असतं. कधी कधी म्हातारा गेलेला असतो, आणि ते कुठल्याच यादीत आलेलं नसतं.